खाडी आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



नववीच्या वर्गात मी एकदा विचारले, "खाडीचा उपयोग काय?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "कचरा टाकायला, सर!" वर्ग हसला, मीही हसलो. पण ते उत्तर मला बोचत राहिले, कारण ते खोटे नव्हते.

आपली वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते आणि दाभोळला समुद्रास मिळते. भरती-ओहोटीबरोबर गोडे व खारे पाणी जेथे एकत्र येते, ती ही खाडी. कोळंबी अंडी घालते समुद्रात; पण तिच्या कित्येक जातींची इवलीशी पिले भरतीबरोबर आत येतात, तिवरांच्या मुळांशी वाढतात आणि मोठी होऊन पुन्हा समुद्रात जातात. बोय माशाचेही तसेच. म्हणजे ज्याला आपण घाण चिखल म्हणतो, ती समुद्राची बालवाडी आहे. ती मोडली तर दर्यावरचे जाळेही रिकामे येणार.

या सभेत असे पुष्कळ जण बसले आहेत, ज्यांची शाळेची फी आईने सुकतीला कंबरभर वाकून वेचलेल्या तिसऱ्यांतून भरली. मी त्यांतलाच एक. माझ्या बी. एड्.च्या फीलाही त्या चिखलाचा वास होता.

कारखान्यांच्या सांडपाण्याने मासळी मरते, ही दाभोळ खाडीतील भोई, खारवी आणि आपल्या दालदी बांधवांची जुनी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. पण आपले काय? आखातातून पैसा आला, बंगले झाले, आणि कुंपणापलीकडची तिवरे तोडून भराव पडला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली तिवरांच्या तोडीस मनाई केली. ती आपल्या मोहल्ल्यात किती जणांना ठाऊक आहे? (हात वर करू नका, मलाही उशिराच कळले.)

एके काळी गलबते गोवळकोटपर्यंत येत. पुढे गाळाने पात्र उथळ झाले. अशा पात्रात अतिवृष्टी आणि भरती एकदम आली की पाणी जाणार कोठे? 22 जुलै 2021 रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत ते किती चढले, हे तुम्हांला सांगायला नको.

येत्या अमावास्येला सकाळच्या सुकतीत नववीचा वर्ग खाडीत उतरणार आहे. पालकांनी मुलांना जुन्या चपला द्याव्यात. कालवांनी पाय कापतात. आणि ज्या माताभगिनींना तिसऱ्या कोठे सापडतात हे ठाऊक आहे, त्यांनी त्या दिवशी आमच्याबरोबर यावे. तेवढा तास त्या शिकवतील, मी मागे उभा राहीन.