लस गावात आली, फडापर्यंत पोचली का?

(आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमातील भाषण)



गळीत हंगाम तोंडावर आला आहे. आता बीड, जालना, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतील. ओढ्याकाठी, मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतील. तुम्ही मुकादमाला विचाराल, कोयते किती आणलेत, माझ्या फडाची पाळी कधी, वाडे कुणाला मिळणार. हे विचारताना आणखी एक गोष्ट विचारायची, की टोळीत लहान लेकरं किती आहेत आणि त्यांच्या लसीचं कार्ड बरोबर आणलंय का. आता शेतकीच्या बाईला या चौकशा कशाला, असं तुम्हाला वाटेल. ते सांगायचं तर कोरोनाच्या साथीपासून सुरुवात करावी लागेल.

९ मार्च २०२० रोजी आपल्या राज्यात पहिले रुग्ण पुण्यात सापडले, आणि २५ मार्चपासून सगळा देश बंद झाला. हंगाम संपत आला होता. टोळ्या परतीच्या वाटेवर लागायच्या तर वाटच बंद झाली. साखर कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार माणसं अडकून पडली होती. तपासणी करून त्यांना गावी पाठवण्याचा निर्णय १७ एप्रिल २०२० रोजी झाला. त्यासाठी याद्या करायच्या होत्या. माझ्याकडे एका कारखान्याजवळच्या कोप्या आल्या. नाव, वय, गाव, ताप आहे का, खोकला आहे का. तीन दिवस मी हे लिहीत होते. एका कोपीपुढे एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसली होती. तिने विचारलं, "मॅडम, सुई देणारी बाई येईना झालीय, बाळाची सुई राहिली त्याचं काय करावं?" माझ्या कागदावर त्याला रकाना नव्हता. मी म्हटलं, गावी गेल्यावर विचारा. खरं म्हणजे त्या दिवसांत गावीही लसीकरणाची सत्रं बंदच होती.

पुढे प्रत्येक गावात समिती झाली. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीच्या ताई, शाळेचे गुरुजी, आणि आम्ही शेतकीवाले. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. घरोघर जाऊन ताप मोजायचा, बोटाला यंत्र लावून रक्तातला प्राणवायू बघायचा. सुरुवातीला लोक दारच उघडत नसत. ताप सांगितला तर शाळेत नेऊन ठेवतात, दारावर कागद चिकटवतात, मग पाहुणेही येत नाहीत, ही भीती. आणि भीती खोटी नव्हती, तसं होत होतंच. पण उसावर तांबेरा पडला आणि शेजाऱ्याला कळू नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात, तर तांबेरा काही थांबत नाही. ज्या गावांनी रुग्णाच्या घरचं दूध काढणं, जनावरांची वैरण, पिकाचं पाणी हे शेजाऱ्यांकडून करून घेतलं, त्या गावांत लोक आपण होऊन ताप सांगू लागले. २०२१ सालच्या दुसऱ्या लाटेत हिवरे बाजार, मोहोळ तालुक्यातलं घाटणे, दक्षिण सोलापुरातलं अंत्रोळी या गावांचं नाव झालं. घरोघरी फिरून रुग्ण लवकर हुडकायचा आणि वेगळा ठेवायचा, हे काम तिथं गावानेच अंगावर घेतलं होतं.

आता लसीकडे येऊ. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झालं. आधी दवाखान्यातली माणसं, १ मार्चपासून साठीच्या पुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढचे सगळे आणि मे महिन्यापासून अठराच्या पुढचे. पुण्यात तयार झालेली कोविशिल्ड आणि हैदराबादची कोव्हॅक्सिन, या दोन लसी आपल्याकडे जास्त आल्या. दोन्ही २ ते ८ अंश तापमानात ठेवायच्या. तुम्ही सोयाबीनला, हरभऱ्याला रायझोबियम जिवाणू लावता. ते पाकीट दुचाकीच्या डिकीत उन्हात दिवसभर राहिलं तर काय होतं? जिवाणू मरतात, आणि आपण काळी भुकटी बियाण्याला चोळत बसतो. लसीचंही तसंच. म्हणून ती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीतून निघते आणि बर्फाच्या चार पिशव्या घातलेल्या डब्यातून गावात येते. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा जणांची लस. कुपी एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. त्यामुळे आठच माणसं जमली की आरोग्यसेविका दाराकडे बघत बसायच्या, आणखी दोघं येतात का. आणि कधी कधी कुपी चाळीसजणांपुरत्या आणि रांग दीडशेची, असंही व्हायचं. त्या दिवशी शिव्या कुणी खाल्ल्या असतील ते सांगायला नको.

लस म्हटली की अफवाही आल्याच. लस घेतली की माणूस दोन वर्षांत जातो, मूल होत नाही, असं काय काय. १८९७ साली डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, तेव्हाही लोक घाबरले होते. त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. आमच्या तालुक्यात सरपंचांच्या आईने पारावर बसून सगळ्यांसमोर लस घेतली आणि तिसऱ्या दिवशी भुईमूग खुरपायला गेली, तेव्हा कुठं रांग लागली. माझ्या भाषणांनी जे झालं नाही ते त्या आजींच्या खुरप्याने झालं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यात 'मिशन कवच कुंडल' मोहीम झाली, नोव्हेंबरात 'हर घर दस्तक'. त्याच सुमारास माझ्याकडच्या एका गावाने चावडीवर फलक लावला. पहिली मात्रा शंभर टक्के पूर्ण. फोटो निघाले, त्यात मीही आहे. आणि चावडीपासून दीड किलोमीटरवर, तात्यांच्या अडीच एकराच्या फडात, अकरा कोयत्यांची टोळी ऊस तोडत होती. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. म्हणजे बावीस मोठी माणसं, शिवाय लेकरं. आमच्या यादीत त्यांतलं एकही नाव नव्हतं. कारण यादी आम्ही मतदार यादीवरून आणि रेशन कार्डावरून केली होती. त्यांच्या गावी चौकशी केली तर तिथल्या यादीत त्यांच्या घरापुढे लिहिलं होतं, घर बंद. तिथल्या माणसाला वाटलं ते कारखान्यावर मोजले जातील, आणि मला वाटलं ते आपल्या गावी मोजले जातील. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मी ती घालत नाही.

मी फडावर गेले तेव्हा कळलं, की त्यांतल्या काहींनी निघायच्या आधी गावी पहिली मात्रा घेतली होती. कोविशिल्डच्या दोन मात्रांत तेव्हा ८४ दिवसांचं अंतर होतं. म्हणजे दुसरी मात्रा डिसेंबर-जानेवारीत, ऐन तोडणीत. दुसरी मात्रा देशात कुठेही घेता येत होती, पण नोंद मोबाइल नंबरावर होती. नंबर कुणाचा? एकाचा मुकादमाचा, एकाचा गावाकडच्या भाच्याचा. आणि लसीचं सत्र सकाळी दहाला सुरू व्हायचं. तेव्हा ही माणसं फडात. पहाटे चारला निघतात, गाडी भरून होईपर्यंत सुटका नाही.

शिवाय त्यांची एक अडचण मला आधी सुचलीच नव्हती. एक बाई म्हणाली, "सुईनं ताप आला तर कोयता बसतो, बाई. एक आडवा झाला की दुसऱ्याचीबी हजेरी जाते." उचल फेडायची असते, तिथं एक दिवस बुडणं म्हणजे काय ते समजून घ्या. मग आम्ही असं ठरवलं, की नवरा-बायकोने एकाच दिवशी लस घ्यायची नाही. आधी बायका, आठवड्याने पुरुष. तात्यांनी त्या दोन दिवशी तोड दुपारी तीनला थांबवली. आरोग्यसेविका डबा घेऊन बांधावर आल्या, बाभळीखाली खाट टाकली, लस घेतल्यावर अर्धा तास प्रत्येकाला बसवून ठेवलं. भाच्याचे फोन लावून नंबर मिळवले. जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली तेव्हा टोळीत तिघा-चौघांना ताप आला, पण दवाखान्यात कुणाला न्यावं लागलं नाही आणि तात्यांचा ऊस तुरा येऊन उभा राहिला नाही. तात्या अजून म्हणतात, "दोन दिवस तीन-तीन तास गेले, पण हंगाम वाचला."

एवढं शिकून मी शहाणी झाले असं मला वाटलं होतं.

पुढच्या हंगामात, २०२२ च्या डिसेंबरात, मी शेजारच्या गावी खोडव्यातल्या पाचटाविषयी सांगायला गेले होते. त्या साली जनावरांत लंपीची साथ होती. फडावर टायर गाड्यांची टोळी होती. मी मुकादमाला विचारलं, बैलांना लंपीची लस दिलीय ना? त्याने लगेच खिशातून घडी केलेले दाखले काढले. एकूण एक बैलाची नोंद. तेवढ्यात एका कोपीतून लेकरू रडल्याचा आवाज आला. चौदा महिन्यांची मुलगी, अंगावर लाल पुरळ, डोळे चिकटलेले, श्वास धापेचा. आईने कोपीच्या दाराला लिंबाचा डहाळा बांधला होता. गोवर होता. मी कार्ड मागितलं, तर आई म्हणाली, "कारड गावाकडं पेटीत राह्यलंय. नऊ महिन्याची सुई द्यायच्या टायमाला आम्ही रानात व्हतो."

मुलगी आठ दिवस दवाखान्यात होती. न्यूमोनिया झाला होता. वाचली. टोळीतल्या आणखी दोन लेकरांना पुरळ आलं आणि त्यानंतर ज्यांच्या फडावर ती टोळी होती त्यांच्याही नातवाला. त्याच हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला, भिवंडीत, मालेगावात गोवराची साथ होती. कोरोनाच्या काळात लेकरांच्या नेहमीच्या लसी मागं पडल्या, त्याचं हे एक कारण होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये माझ्या कागदावर ज्याला रकाना नव्हता, तेच हे.

बैलाचा दाखला खिशात आणि लेकराचं कार्ड पेटीत, यात त्या आई-बापाला दोष देऊ नका. बैलाचा दाखला कुणीतरी मागत होतं, लेकराचं कार्ड कुणी मागत नव्हतं.

तर आता काय करायचं ते सांगते. टोळी उतरली की पहिल्या आठवड्यात, ज्यांच्या रानात कोप्या आहेत त्यांनी एका वहीत लिहून घ्यावं. पाच वर्षांच्या आतली लेकरं किती, त्यांची वयं, गरोदर बाया किती, गाव कोणतं, फोन कुणाचा. हे पान गावच्या आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेला द्यावं. आधार कार्ड इथलं नाही, नाव इथल्या यादीत नाही, म्हणून लस नाकारायची नसते. ती सरकारी केंद्रात मोफत आहे आणि कोणत्याही गावच्या लेकरासाठी आहे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पुरे झाल्यावर, वर्षाच्या आत, आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत. राहून गेली असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येते. बाळाच्या ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसीही तशाच विचारा. मधली एखादी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जिथं थांबली तिथून पुढे चालते. कार्ड हरवलं असलं तरी न्या. साधी सर्दी आहे म्हणून परत फिरू नका, तेवढ्यावरून लस चुकवायचं कारण नाही.

लस घेतल्यावर एखादा दिवस ताप येतो. त्यासाठी गोळी किती द्यायची ते आरोग्यसेविकेलाच विचारा, दुकानातून अंदाजाने आणू नका. आणि अंगावर पुरळ, ताप, डोळे लाल असं लेकरू दिसलं तर डहाळा दाराला राहू द्या हवं तर, पण त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गोवराच्या लेकराला तिथं अ जीवनसत्त्वाची मात्रा देतात, डोळ्यांसाठी ती फार महत्त्वाची. इतर लेकरांना त्या कोपीत खेळायला जाऊ देऊ नका. पुरळ दिसायच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस गोवर पसरतो, म्हणजे तुम्हाला कळायच्या आधीच तो शेजारी पोचलेला असतो. तुम्ही जनावराला घटसर्पाची, फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घेता, आजार आल्यावर नाही. हिशेब तोच आहे.

बीड-जालन्याकडून जे बंधू-भगिनी हे ऐकत असतील, त्यांना एवढंच सांगते. गाडीत भांडी भरताना कार्ड रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा. निघायच्या आधी आशाताईंना सांगून जा, कोणत्या कारखान्यावर चाललोय. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, कोपीत पाणी शिरलं तर तोच उपयोगी पडतो.

आणि शेतकरी बंधूंनो, सत्राच्या दिवशी तोड दोन तास लवकर थांबवायला मुकादमाला सांगायचं काम तुमचं. तो माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. तुमच्या गावात सत्र कोणत्या वारी असतं ते आजच आशाताईंना विचारून ठेवा.