सोनखत आणि पाणी



ज्या विषयाचे नाव निघताच सभ्य मंडळी नाकाला रुमाल लावतात, तो विषय घेऊन मी आज आपणापुढे आलो आहे. शौचकूप आणि त्यात रोज वाहून जाणारे पाणी, हा तो विषय होय. जेवणाच्या वेळी हे भाषण आपल्या कानी पडत असेल तर क्षमा असावी. परंतु अन्नाविषयी आपण जितके मोकळेपणाने बोलतो, त्याच्या दशांशानेही त्या अन्नाच्या पुढील प्रवासाविषयी बोलत नाही. आणि पाण्याचा मोठा अपव्यय नेमका तेथेच होतो.

शाळामास्तराला हिशेब केल्यावाचून चैन पडत नाही, म्हणून प्रथम हिशेब पाहू. घरात पाच माणसे आहेत असे धरा. प्रत्येक माणूस दिवसातून एकदा शौचास व चार वेळा लघवीस जातो. म्हणजे एकंदर पंचवीस वेळा टाकीची साखळी ओढली जाते किंवा कळ दाबली जाते. जुन्या पद्धतीची टाकी दहा लिटरांची धरली, तर दिवसाचे अडीचशे लिटर झाले. माणशी पन्नास लिटर. आता २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन योजनेत खेड्यातील माणसासाठी पिण्याचे, स्वयंपाकाचे, स्नानाचे, धुण्याचे सारे मिळून दिवसाकाठी किती पाणी धरले आहे? पंचावन्न लिटर. म्हणजे खेड्यातील माणसाचा संपूर्ण दिवस जेवढ्या पाण्यात निभावून न्यावयाचा, जवळजवळ तेवढे पाणी शहरातील माणूस केवळ मलमूत्र लोटण्यात खर्च करतो. आणि हे पाणी कसले? गाळलेले, औषध घालून शुद्ध केलेले, पिण्याच्या लायकीचे!

आमच्या यावलकडे पाण्याची गोष्ट जरा निराळ्या तऱ्हेने सांगावी लागते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी. सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगरातून वाहत आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा एक लांब पट्टा पसरलेला आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्यास बझाडा म्हणतात. पावसाचे पाणी पिऊन पोटात साठविणे हा त्या जमिनीचा स्वभाव. त्या साठ्यावर आमच्या यावल-रावेरच्या केळीचे वैभव उभे राहिले. परंतु पोटात जाणाऱ्या पाण्यापेक्षा उपसले जाणारे पाणी अधिक झाले. विहिरी आटल्या, कूपनलिका खोल खोल जाऊ लागल्या, आणि भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत हे दोन्ही तालुके झळकू लागले. या संकटातून शेतकरी एक गोष्ट मात्र शिकला. मोकाट पाणी देण्याची वाडवडिलांची चाल सोडून त्याने ठिबक सिंचनाच्या नळ्या अंथरल्या. ज्याला अडाणी म्हणण्याची आपणा शहरवासीयांना सवय, त्याने झाडाच्या मुळाशी थेंब मोजून पाणी द्यावे, आणि आपण सुशिक्षितांनी घरातल्या घरात मोकाट पाणी सोडावे, ही विसंगती मला फार दिवसांपासून टोचते आहे.

आता उपाय काय? जेथे भुयारी गटारे आहेत आणि माणसे मजल्यांवर मजले चढवून राहतात, तेथे उपाय सोपा आहे. लहान टाकी बसवावी. १९८० साली ऑस्ट्रेलियात दोन कळांची टाकी निघाली. एक कळ मोठ्या कामासाठी, दुसरी लहान कामासाठी. पुढे अमेरिकेने १९९२ साली कायदाच केला की, नव्या घरगुती शौचकूपास एका वेळी सुमारे सहा लिटरांहून अधिक पाणी लागता कामा नये. आपल्या बाजारातही सहा व तीन लिटरांच्या टाक्या आता सर्रास मिळतात. वरच्याच घराचा हिशेब पुन्हा मांडा: पाच वेळा सहा, वीस वेळा तीन, एकूण नव्वद लिटर. दिवसाला एकशे साठ लिटर वाचले. वर्षाला अठ्ठावन्न हजारांवर. पाच-सहा मोठे टँकर भरून पाणी एका घरातून!

परंतु येथे एक इशारा दिला पाहिजे. शौचपात्र जुन्या घडणीचे ठेवून नुसती टाकी लहान केली, अथवा कोणी सांगितले म्हणून टाकीत वीट ठेवली, तर मळ पुरता वाहत नाही; मग दोनदा-तीनदा कळ दाबावी लागते आणि बचत बाजूस राहून खर्च वाढतो. वीट पाण्यात झिजून तिची माती पडद्यांत अडकते, ते वेगळेच. पात्र आणि टाकी ही जोडी आहे. बदलावयाची तर दोन्ही बदलावीत. शिवाय अनेक घरी कळ कोणी दाबो वा न दाबो, पाणी रात्रंदिवस सूक्ष्म धारेने गळतच असते. रात्री निजण्यापूर्वी टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाकावा आणि अर्ध्या तासाने पात्रात पाहावे. रंग उतरलेला दिसला तर आतील रबरी पडदा बदलावा. त्यास फार पैसे लागत नाहीत; आळस तेवढा झटकावा लागतो.

ज्यांच्या घरी टाकीच नाही, टमरेल वा बादली आहे, त्यांनी स्वतःस मागासलेले समजू नये. उतरत्या घडणीचे पात्र आणि सुमारे वीस मिलिमीटरांचा पाण्याचा पडदा ठेवणारा वक्र नळ असला, की दीड-दोन लिटर पाण्याने काम भागते. महागड्या टाकीपेक्षाही हे काटकसरीचे! या पात्राखाली दोन शोषखड्ड्यांची योजना असते. खड्ड्याच्या भिंतीत विटा जाळीसारख्या मोकळ्या रचावयाच्या, म्हणजे पाणी जमिनीत मुरते आणि मळ मागे राहतो. एक खड्डा भरला की तो बंद करून प्रवाह दुसऱ्याकडे वळवावयाचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातील मळाची माती झालेली असते. तिला वास नाही, घाण नाही. बिहारमध्ये १९७० पासून बिंदेश्वर पाठक यांनी सुलभ शौचालयांच्या द्वारे हीच योजना देशभर पोचविली. आमच्या भागापुरते सांगावयाचे तर तापीकाठच्या काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, तेथे खड्ड्याभोवती वाळू व खडी भरावी लागते; उलट पायथ्याच्या दगडगोट्यांत ते इतक्या वेगाने मुरते की जवळची विहीर नासण्याचे भय असते. म्हणून गवंड्याच्या ठरीव मापावर न जाता आपली जमीन पाहून खड्डा घ्यावा, आणि विहिरीपासून तो शक्य तितका दूर ठेवावा.

याच्याही पलीकडची पायरी म्हणजे पाणी मुळीच न वापरता मळाचे खत करणे. आपल्या भाषेने या खताला ‘सोनखत’ असे नाव दिले आहे. तिरस्काराच्या वस्तूला सोन्याचे नाव देणारे आपले पूर्वज शेतीचे मर्म जाणत होते, एवढे निश्चित. पाश्चात्त्य देशांतही १८६० साली हेन्री मूल या इंग्रज पाद्र्याने मळावर कोरडी माती लोटणाऱ्या शौचकूपाचा हक्क नोंदविला होता. पुढे १९२४ ते १९३१ या काळात इंदुरास आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण व माती यांचे थर रचून, ते वर-खाली करून, थोडक्या महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत शास्त्रशुद्ध केली. इंदूर पद्धत म्हणून ती जगभर गेली. त्यातील ‘वाड’ हे आडनाव मराठी माणसांना ठाऊक नसावे, याचे मला नवल वाटते.

आमच्याच तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. नंदलाल बोस यांनी बांबू व गावठी साहित्याने टिळकनगर सजविले होते. त्या सजावटीचे वर्णन सारेच करतात. परंतु हजारो माणसे उघड्या माळावर चार दिवस राहावयाची, तर त्यांच्या मलमूत्राची सोय लावणे हे सजावटीहून कठीण काम. ते मात्र वर्णनांत क्वचितच येते.

या कामाला ज्यांनी आपले आयुष्य वाहिले ते कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन. सत्याग्रहात पकडले जाऊन १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात असता त्यांनी मागणी केली की, मला संडास साफ करण्याचे काम द्या. तुरुंगाची रीत अशी की ते काम ठराविक जातीच्या कैद्यांनीच करावयाचे. मागणी नाकारली गेली. अप्पांनी उपोषण आरंभले. येरवड्यास असलेल्या गांधीजींनीही डिसेंबरमध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडले, आणि सरकारला मार्ग काढावा लागला. काम टाळण्यासाठी उपोषण केल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. संडास झाडण्याचा हक्क मिळावा म्हणून उपाशी राहणारा माणूस विरळा. पुढे १९४८ साली कणकवलीस त्यांनी गोपुरी आश्रम स्थापला. तेथील ‘गोपुरी संडास’ म्हणजे दोन कप्प्यांचा, कोरडा, खत करणारा संडास. मळावर दर वेळी राख, माती, पालापाचोळा टाकावयाचा. एक कप्पा भरला की दुसरा वापरावयाचा. त्यांच्याच परंपरेत देहूचे डॉ. मापुसकर यांनी संडासाला गोबर गॅसची जोड दिली. गावातील माणसांचा आपल्याच मळाच्या वायूवर स्वयंपाक करण्यास होणारा विरोध त्यांनी वर्षानुवर्षे समजूत घालून मोडला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

अप्पांच्या या हट्टामागील अर्थ आपण नीट ध्यानी घ्यावा. सोनखताची महती गाताना एक भयंकर गोष्ट विसरली जाते. जुन्या काळी हे खत कोणाच्या डोक्यावरून शेतात जात होते? टोपलीचे संडास असलेल्या गावांत एका जातीच्या बायाबापड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते वाहिले, आणि खताचा पैसा नगरपालिकेच्या तिजोरीत पडला. १९९३ साली व पुन्हा २०१३ साली कायदा करून हाताने मैला वाहण्यास मनाई झाली. तरीही सांडपाण्याच्या टाक्या व गटारे यांत उतरून माणसे आजही गुदमरून मरतात. म्हणून जी पद्धत पाणी वाचविते परंतु ताजा मैला दुसऱ्या माणसाच्या हाती देते, ती मला मान्य नाही. दोन खड्ड्यांची वा दोन कप्प्यांची योजना मला पसंत पडते ती पाण्याइतकीच याही कारणाने. तेथे कोणालाच ताज्या मैल्यास हात लावावा लागत नाही, आणि तयार झालेली माती घरधन्याने स्वतः काढावी.

कोरड्या संडासाची एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपण पाण्याने शुद्ध होणारे लोक. ते पाणी आणि लघवी कप्प्यात गेली की आतील ढीग कुजण्याऐवजी सडतो, दुर्गंधी सुटते व माशा होतात. म्हणून पात्रात तीन वाटा ठेवतात: मळाची खाली, लघवीची पुढे, धुण्याच्या पाण्याची निराळी. धुण्याचे पाणी कर्दळीच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडावे. लघवीत नत्राचा अंश सर्वांत जास्त असतो. तीत पाच ते दहा पट पाणी मिसळून ती झाडांना देता येते. एवढी शिस्त ज्या घरात सर्वांना, विशेषतः पाहुण्यांना, पाळता येईल, त्यांनीच हा संडास बांधावा. चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडकरूने त्या भरीस पडू नये. मळ्यात राहणाऱ्या कुटुंबास मात्र तो उत्तम. कारण झाकण्यास लागणारा कोरडा पाला त्याच्या दारात पडलेला असतो. घड कापल्यावर बांधावर फेकून दिलेली केळीची पाने व वाळलेली खोडे चिरून टाकली तरी पुरे.

आणि खत किती दिवसांनी काढावे? येथे उतावीळपणा घातक आहे. जंतांची अंडी फार चिवट असतात. आपल्यासारख्या उष्ण मुलखात बंद केलेला कप्पा निदान पुरते एक वर्ष हलवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सांगितले आहे; मी तर दीड वर्ष म्हणेन. काढण्याचे काम उन्हाळ्यात, मृग लागण्यापूर्वी करावे, म्हणजे माती कोरडी व भुसभुशीत निघते. ती फळझाडांच्या आणि केळीच्या आळ्यात घालून वर दोन बोटे माती ओढावी. कोथिंबीर, मेथी, मुळा असली कच्ची खाल्ली जाणारी भाजी ज्या वाफ्यात आहे, तेथे ती घालू नये.