गावची विहीर आणि जलशुद्धीकरण



पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत गावची विहीर दूषित झाली, तर बाहेरील मदतीची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. शुद्धीकरणाचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकास बिनचूक येणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मूठभर टी.सी.एल. पावडर विहिरीत फेकणे म्हणजे शुद्धीकरण नव्हे. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असल्यास ते सुमारे २८,२६० लिटर भरते. हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणाने त्यास ७१ ग्रॅम पावडर लागते. ती बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा. वरचे निवळ द्रावण दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी व खालीवर घुसळावी. तासाभराने ओ.टी. चाचणीत पिवळा रंग न आल्यास मात्रा वाढवावी. ओल लागलेली जुनी पावडर निरुपयोगी. आणि पावसाळ्यात नेमकी तीच कोठारात सापडते!

औषधाच्या वासामुळे काही कुटुंबे नाल्याच्या पाण्याकडे वळतात. तेथे शिक्षकांचा शब्द कामी येतो.

चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांतील फ्लोराइडवर मात्र या पावडरीची मात्रा चालत नाही. त्याचे प्रमाण लिटरला दीड मिलिग्रॅमहून अधिक आढळल्यास त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी बंद करून दुसरा स्रोत शोधावा लागतो.