भाग ३८: हिरवी टिक आणि बुटाची नाडी

आजचा विषय आहे कंबरदुखी. हे ऐकताच तुमच्यापैकी निम्म्यांचा हात नकळत कमरेवर गेला असेल, मला माहितीये. २०२० साली जगात साधारण ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज ‘लॅन्सेट र्‍हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आलाय. पण आज मला आकड्यांपेक्षा माझी स्वतःची एक फजिती सांगायचीये.

दोन वर्षांपूर्वी पाण्याचा वीस लिटरचा कॅन उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. चार दिवसांत उतरेल म्हणाले सगळे. शेक झाला, बाम झाला, शेजारच्या काकूंचं तेल झालं. तीन महिने गेले तरी दुखतंच. मग एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’, ‘डिजनरेटिव्ह चेंजेस’ असे शब्द. झालं! मी मनाशी ठरवून टाकलं, आता वाकायचं नाही. जड उचलायचं नाही. नाडीचे बूट गेले, सरकवायच्या चपला आल्या. मुलगी तेव्हा चार वर्षांची. ती हात वर करून आली की मी म्हणायचो, ‘बाबाची कंबर नाजूक आहे गं.’

मग ऑफिसातल्या एका मित्राने व्यायामाचं ॲप सुचवलं. फोन भिंतीला टेकवून ठेवायचा आणि समोर चटईवर आडवं व्हायचं. कॅमेरा आपले खांदे, कंबर, गुडघे ओळखतो, त्यांच्यातले कोन मोजतो आणि सांगतो, ‘कंबर थोडी वर घ्या.’ रोज पंधरा मिनिटं. झालं की हिरवी टिक. मला फार आवडलं ते. दुखणं दहापैकी सहा होतं, ते चारवर आलं. एक्केचाळीस दिवसांची अखंड साखळी!

बेचाळिसाव्या दिवशी कंटाळा आला. पण साखळी तुटू द्यायची नव्हती. मग काय, पलंगावर बसल्या बसल्या ‘पूर्ण झाले’चं बटण दाबलं. फोनने माझं अभिनंदन केलं! पुढचे अठरा दिवस मी हेच केलं. साठ दिवस पूर्ण. फसवलं कोणाला? फोनला तर काही फरक पडत नव्हता.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांना सगळं खरं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘व्यायाम योग्यच आहेत. मला एवढंच सांगा, वाकून बुटाची नाडी शेवटची कधी बांधलीत?’

मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. सात महिने झाले होते.

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि हात नडगीवरून हळूहळू खाली न्यायला सांगितलं. मध्येच म्हणाल्या, ‘श्वास रोखलाय तुम्ही.’ खरंच रोखला होता! एक्केचाळीस दिवस कॅमेऱ्याने माझे कोन मोजले, पण मी दरवेळी घाबरून श्वास धरतो, हे त्याने एकदाही सांगितलं नाही. मग त्या रिपोर्टबद्दल बोलल्या. अजिबात पाठ न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासले, तर विशीतल्या जवळजवळ ३७ टक्के लोकांमध्येही डिस्कची झीज दिसते, आणि वय वाढतं तसं प्रमाण वाढत जातं. म्हणजे केस पिकावेत तसंच काहीसं. हे ऐकून माझी अर्धी कंबर तिथेच मोकळी झाली.

घरी येऊन मी यावरचं संशोधन वाचलं. ऑस्ट्रेलियात ‘रिस्टोअर’ नावाची चाचणी झाली. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. जुनाट कंबरदुखीचे ४९२ रुग्ण, तीन गट. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटात फिजिओथेरपिस्टने रुग्णाशी बोलून त्याची भीती समजून घेतली आणि टाळलेल्या हालचाली पुन्हा करवून घेतल्या. तिसऱ्या गटात हेच सगळं, वर हालचाल मोजणारे सेन्सर. नेहमीच्या उपचारांपेक्षा दोन्ही गटांना मोठा फायदा झाला, वर्षभर टिकला. पण सेन्सर असलेला आणि नसलेला, दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता!

मग ॲप फेकून द्यायचं का? तर नाही. डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये ‘सेल्फबॅक’ या ॲपची ४६१ लोकांवर चाचणी झाली. निकाल २०२१ साली आला. नेहमीच्या उपचारांना ॲपची जोड दिल्यावर तीन महिन्यांनी ५२ टक्के लोकांमध्ये चांगली सुधारणा दिसली, नुसत्या नेहमीच्या उपचारांवर ३९ टक्क्यांमध्ये. सरासरी फरक लहान होता, पण होता. आणि ज्या गावात फिजिओथेरपिस्टच नाही, तिथे लहान फरकही मोलाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन मात्र सरसकट वापरू नका, असंच त्यात म्हटलंय.

आता माझे तीन नियम. एक, ॲपला स्मरणवही समजा, डॉक्टर समजू नका. दोन, महिन्यातून एकदा तरी जाणत्या माणसासमोर व्यायाम करून दाखवा. तीन, टिक मोजू नका. भीतीपोटी सोडलेलं एक काम निवडा आणि ते परत जमतंय का, ते बघा.

आणि हे नीट ऐका. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होऊ लागली, तर ॲप बंद करा आणि लगेच हॉस्पिटल गाठा. दुखण्यासोबत ताप असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तरी आधी डॉक्टर, मग व्यायाम.

माझं म्हणाल, तर कंबर अजून अधूनमधून दुखते. ॲपही चालू आहे. साखळी चार वेळा तुटली, पण आता खोटी टिक नाही. मुलगी सहा वर्षांची झालीये, चांगली वजनदार आहे. परवा तिला उचललं. श्वास न रोखता. तिने विचारलं, ‘बाबा, आता नाजूक नाही ना?’

तुम्ही कोणतं काम सोडून दिलंय, ते मला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. आणि हो, हा भाग बसून ऐकला असेल, तर आता उठा जरा!