सायकलवाल्यांनी हेल्मेट घालावं का? आणि सक्ती करावी का?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेले ‘म्हणजे’ आणि ‘असं बघा’ थोडे कमी केलेत, बाकी मजकूर तसाच ठेवलाय.)

आजचा विषय एका श्रोत्यांच्या प्रश्नावरून घेतलाय. त्यांची मुलगी यंदा आठवीत गेली. शाळा तीन किलोमीटरवर आहे आणि वाटेत राज्यमार्गाचा एक तुकडा लागतो. तिला सायकल घेऊन दिलीय. ते विचारतात, “हेल्मेट घ्यायलाच पाहिजे का? गावात कोणी घालत नाही. पोरगी म्हणते, सगळे हसतील. आणि उसाच्या ट्रॉलीनं उडवलं, तर त्या थर्माकोलच्या टोपीनं काय होणार?”

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण ते शेवटपर्यंत ताणण्यात काही मजा नाही. हेल्मेट घालावं. पण त्याची कायद्यानं सक्ती करू नये. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याकडे वाद होतो तेव्हा त्यांची हमखास खिचडी होते.

आधी कायद्याचं बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यातलं कलम १२९ हेल्मेटचं. पण ते मोटारसायकल, स्कूटरसारख्या वाहनांना लागू आहे. सायकलीला इंजिन नाही, ती मोटार वाहन नाही, त्यामुळे हे कलम तिला लागत नाही. तेव्हा हेल्मेट नाही म्हणून या कलमाखाली तुमच्या मुलीला कोणी पावती फाडणार नाही. निर्णय घरातच घ्यायचाय.

आता त्या थर्माकोलकडे येऊ. थर्माकोल म्हणून लोक हसतात, पण तो खरंच थर्माकोलच असतो, जरा घट्ट दाबलेला. आणि तोच कामाचा भाग आहे, वरचं रंगीत कवच नाही. डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा ते क्षणार्धात थांबतं, आणि आतला मेंदू मात्र पुढे जात राहतो. खरा घात तिथे होतो. मधे थर्माकोल असेल तर तो चेपतो, आणि चेपताना थांबण्याचा काळ थोडासा लांबवतो. काही मिलिसेकंदांचाच फरक, पण कवटीसाठी तो फार मोठा असतो.

युरोपात सायकलच्या हेल्मेटसाठी ‘ईएन १०७८’ नावाचं मानक आहे. त्याच्या चाचणीत हेल्मेट घातलेलं खोटं डोकं साधारण दीड मीटरवरून सपाट लोखंडी ऐरणीवर सोडतात. आपटताना वेग असतो ताशी साडेएकोणीस किलोमीटरच्या आसपास. दीड मीटर म्हणजे काय? सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण तेवढ्याच उंचीवर असतं. म्हणजे हेल्मेट बनवलंय ते सायकलवरून पडून डोकं जमिनीवर आपटण्यासाठी. खड्डा, वाळू, ओले पेव्हर ब्लॉक, आडवं आलेलं कुत्रं, अचानक उघडलेलं गाडीचं दार, यासाठी.

याचा उपयोग किती होतो? २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी, ऑलिव्हिए आणि क्रेटन यांनी, आधी झालेले ४० अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वार होते. ज्यांनी हेल्मेट घातलं होतं, त्यांच्यात डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता साधारण ६९ टक्क्यांनी कमी निघाली. मानेच्या दुखापतीत मात्र फारसा फरक दिसला नाही. यावर आक्षेप आहे, की हेल्मेट घालणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असू शकतो. तो आक्षेप रास्त आहे. पण म्हणून एवढा मोठा आकडा सगळाच खोटा ठरत नाही.

मग उसाची ट्रॉली? इथे खरं बोलायला हवं. चाकाखाली सापडलं तर हेल्मेट वाचवत नाही. ते त्यासाठी बनलेलंच नाही. पण प्रत्येक धडक चाकाखाली नेणारी नसते. हँडलला धक्का लागतो, तोल जातो, माणूस कडेला फेकला जातो आणि डोकं डांबरावर आपटतं. तिथे पुन्हा तीच दीड मीटरची गोष्ट लागू होते.

आणि ट्रॉलीचा खरा उपाय ट्रॉलीवरच करायचा असतो. गाळप हंगामात एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अशा रस्त्यावर पोरीला फक्त हेल्मेट देऊन “आता तुझं तू बघ” म्हणणं म्हणजे जबाबदारी चुकीच्या डोक्यावर घालणं आहे. कारखान्याला, आरटीओला, ग्रामपंचायतीला विचारायचं ते विचारलंच पाहिजे.

आता सक्तीकडे वळतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं जुलै १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती केली. जगात पहिल्यांदा. डोक्याच्या दुखापती कमी झाल्या. पण मेलबर्नमध्ये सायकल चालवणारी किशोरवयीन मुलंही बरीच कमी झाली. तेव्हा दुखापती हेल्मेटमुळे किती घटल्या आणि मुलांनी सायकल सोडल्यामुळे किती, यावर तिथे अजून भांडण चालू आहे. मेक्सिको सिटीनं २०१० मध्ये अशी सक्ती मागे घेतली. अमेरिकेत सिएटलच्या किंग काउंटीनं २०२२ मध्ये नियम रद्द केला, कारण दंडाच्या पावत्या प्रमाणाबाहेर बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांना मिळत होत्या.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे आणून बघा. महाराष्ट्रात रोज सायकल चालवतं कोण? रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी दिसणारे आपले मित्र जवळजवळ सगळे हेल्मेटमध्येच असतात. पण सोमवारी? रात्रपाळीचा वॉचमन, पेपर टाकणारा पोरगा, एमआयडीसीत जाणारा कामगार, डबे पोचवणारा, शाळेला जाणाऱ्या मुली. उद्या सक्ती झाली तर चौकात अडवलं जाईल ते यांनाच. आणि मला त्याहून मोठी भीती वेगळी आहे. अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा लागला, की समोरच्या विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारेल, “हेल्मेट होतं का?” पाय मोडला असला तरी विचारेल. ट्रकवाल्याच्या चुकीत सायकलवाल्याचा वाटा काढायला एक नवं हत्यार मिळेल.

नेदरलँड्सचं उदाहरण नेहमी दिलं जातं, की तिथे कोणी हेल्मेट घालत नाही. रोजच्या जाण्यायेण्यात फार थोडे घालतात, हे खरं. पण १९७० च्या दशकात मुलांचे बळी जायला लागल्यावर तिथले लोक रस्त्यावर उतरले, आणि सरकारनं वेगळे मार्ग बांधले, गाड्यांचा वेग कमी केला. ते आधी झालं. आणि तिथलेही वेगात रेसिंग सायकल चालवणारे हेल्मेट घालतातच. आपल्याकडे सायकल ट्रॅकवर दुचाक्या लावलेल्या असतात, भजीची गाडी असते, आणि ट्रॅक मधेच संपतो. त्यामुळे डच लोकांचं उघडं डोकं उचलायचं असेल, तर आधी त्यांचा रस्ता उचलावा लागेल.

आता “सगळे हसतील” हे राहिलं. याला मी कमी लेखत नाही, आठवीत ते फार मोठं असतं. पण ऐका, व्यावसायिक सायकलपटूंनीही हेच केलं होतं. १९९१ मध्ये पॅरिस–नीस शर्यतीत त्यांनी हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध संप केला, आणि नियम मागे घ्यावा लागला. २००३ मध्ये त्याच शर्यतीत आंद्रे किविलेव हा कझाकस्तानचा खेळाडू पडला, डोक्याला मार लागून गेला. त्यानं हेल्मेट घातलं नव्हतं. त्याच वर्षी सक्ती झाली. आज तिथे हेल्मेट नसलेला खेळाडू दिसला तर लोक चमकतील. हसणं हे सवयीचं असतं. वर्गातल्या चार मुलींनी एकदम घातलं की हसायला कोणी उरत नाही. म्हणून एकटीला देऊ नका. मैत्रिणींच्या घरी बोला, शाळेत बोला.

सरकारसाठीही एक सूचना. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. त्यातच हेल्मेट आणि मागचा लाल दिवा धरा. दंड न करता हेल्मेट डोक्यावर आणायचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

आता घेताना काय बघायचं, ते पटकन. साधं हेल्मेट हजार रुपयांच्या आसपास मिळतं. महाग म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही, मापाचं हवं. भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे सरकवून कपाळ उघडं ठेवायचं नाही. पट्टे कानाखाली मिळतात, हनुवटीखाली एखाद-दोन बोटं जातील एवढेच घट्ट. उंच अंबाडा किंवा जाड स्कार्फ असेल तर हेल्मेट डगमगतं, तेव्हा वेणी खाली बांधा. विदर्भातल्या उन्हात पातळ रुमाल आत चालेल. बाइकचं जड हेल्मेट सायकलीला नको, त्यात गुदमरायला होतं आणि मागची गाडी नीट ऐकू येत नाही. साइटवरचं पिवळं हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूंसाठी असतं, ते इथे उपयोगाचं नाही. एकदा जोरात आपटलं की बदला, वरून चीर दिसत नसली तरी आतला थर्माकोल चेपलेला असतो. आणि लहान मुलं झाडावर, घसरगुंडीवर चढायच्या आधी हेल्मेट काढायला लावा. पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो.

तर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. हेल्मेट घ्या, तिला स्वतः रंग निवडू द्या. सायकलीला मागे दिवा लावा. आणि त्या राज्यमार्गाच्या तुकड्यावर शाळा सुटायच्या वेळी ट्रॉल्या कशा धावतात, ते एकदा चार पालकांनी मिळून ग्रामसभेत मांडा. पहिली दोन कामं या आठवड्यात होतील. तिसऱ्याला वेळ लागेल, म्हणून ते आधी सुरू करा.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.