ज्या खर्चाला वहीत रकाना नाही
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत घरखर्चावर चार शब्द बोलावेत, अशी मला सूचना झाली. वाणसामान, विजेचे बिल, गावी पाठवायचे पैसे यांवर या सभागृहात पुष्कळ बोलून झाले आहे. तेव्हा आज आपल्या वहीत ज्याला रकानाच नाही अशा खर्चाविषयी बोलते. मोबाइलवर पैसे लावून जी चित्रांची चाके फिरवतात, ज्यांना इथे ब्रिटनमध्ये ‘ऑनलाइन स्लॉट’ म्हणतात, त्यांचा हा खर्च. कपाळाला आठ्या घालू नका! मी द्यूतपर्व सांगायला उभी नाही. त्यासाठी कीर्तनकार आहेत. मी मंडळाची खजिनदार, मला फक्त हिशेब येतो.

गेल्या हिवाळ्यात एक बाई बँकेचा महिन्याचा उतारा घेऊन माझ्याकडे आल्या. मंडळातल्या की बाहेरच्या, हे विचारू नका. एवढे सांगण्याची परवानगी त्यांनी दिली आहे. यजमान रात्रपाळीला, मुले शिकायला परगावी, आणि चार वाजताच अंधार. त्यांनी महिन्याला ४० पौंड खेळायचे ठरवले होते, आणि आपण तेवढेच खेळतो असे त्या मनापासून समजत होत्या. आम्ही दोघींनी पेन्सिल घेऊन उतारा तपासला. दहा-दहा पौंडांच्या तेवीस नोंदी निघाल्या. सांगलीला आईच्या औषधांसाठी दर महिन्याला जायचे पैसे त्या महिन्यात गेलेच नव्हते. बाई खोटे बोलत नव्हत्या. दहा पौंड ही रक्कमच अशी की ती मनात नोंदली जात नाही.

आता थोडे गणित. कंटाळू नका, आपल्या भिशीच्या गणितापेक्षा सोपे आहे. समजा, एखादा खेळ लावलेल्या दर शंभरातले ९६ परत देतो असे लिहिले आहे. आपल्याला वाटते, चारच गेले, नाटकाच्या तिकिटापेक्षा स्वस्त! पण ते चार आपण खात्यात भरलेल्या पैशांवर नसतात, एकूण लावलेल्या पैशांवर असतात. वीस पौंड भरले, ते एकदा फिरवून झाले की सरासरीने ८० पेन्स गेले. उरलेले १९ पौंड २० पेन्स आपण घरी नेत नाही, पुन्हा लावतो. दर फेरीला २० पेन्स आणि मिनिटाला दहा फेऱ्या धरल्या तर तासात ६०० फेऱ्या होतात, म्हणजे १२० पौंड फिरले. त्यांचे शेकडा चार म्हणजे ४ पौंड ८० पेन्स. तीच फेरी एक पौंडाची केली की तासाला २४ पौंड. ही झाली लांबवरची सरासरी; एका रात्रीत कधी पदरात पडेल, कधी सगळे जाईल. आणि ‘इतका वेळ लागले नाही, आता लागेलच’ हे तर मुळीच खरे नाही. यंत्राला मागच्या फेरीची आठवण नसते. प्रत्येक फेरीचा आकडा नव्याने निघतो.

म्हणून खर्च ठरवताना ‘किती पैसे’ एवढेच ठरवून भागत नाही. एका फेरीला किती आणि किती वेळ, हेही ठरवावे लागते. इथल्या सरकारलाही हे उमगले असावे. २०२१ च्या ऑक्टोबरपासून दोन फेऱ्यांत निदान अडीच सेकंदांचे अंतर सक्तीचे झाले. चाक आपोआप फिरत ठेवण्याची सोय बंद झाली. पौंड लावून तीस पेन्स परत आले तरी घंटा वाजवून जिंकल्याचा देखावा करायचा, तोही बंद झाला. (ही युक्ती ज्याने काढली, त्याला माणसाचे मन फार चांगले कळत असले पाहिजे.) २०२५ मध्ये एका फेरीला पाच पौंडांची मर्यादा आली, आणि १८ ते २४ वर्षांच्या मुलांना दोन पौंडांची. पण पाच पौंड म्हणजे थोडे नव्हेत! अडीच सेकंदांनी एक फेरी धरा, तासाला ७२०० पौंड फिरतात. शेकडा चारने २८८ पौंड. मर्यादा आहे, म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असे कोणी समजू नये.

ज्यांना खेळायचेच आहे त्यांनी तो खर्च वहीत सिनेमा-नाटकाच्या रकान्यात लिहावा, आणि लिहिला त्याच दिवशी तो गेला असे धरावे. भाडे, औषधे, मुलांची फी आणि गावचे पैसे निघाल्यावर जे उरेल त्यातूनच. जिंकलेले पैसे खेळाच्या खात्यात ठेवू नयेत, बँकेत आणावेत. भरण्याची मर्यादा खेळाच्या खात्यातच घालून ठेवता येते. ती कमी केली तर लगेच लागू होते, वाढवायची तर २४ तास थांबावे लागते. ते २४ तास फार मोलाचे आहेत. रात्री दोन वाजता घेतलेला निर्णय सकाळी पोहे करताना वेगळा दिसतो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर या रकान्यात शून्य लिहिलेले मला आवडेल. आणि जिला हा रकाना घरच्यांसमोर उघडून दाखवता येत नाही, तिने रक्कम ठरवण्याच्या खटपटीत पडू नये, दारच लावून घ्यावे. त्यासाठी इथे ‘गॅमस्टॉप’ ही फुकट सोय आहे. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे, परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन जुगारांतून आपले नाव बाहेर. बऱ्याच बँका कार्डावरून असे पैसे भरणे बंदही करून देतात. त्या बाईंनी दोन्ही केले. जानेवारीत सांगलीला दोन महिन्यांचे पैसे एकदम गेले.

भारतातल्या बहिणी-भावजयांना हा हिशेब सांगायला जाऊ नका. तिथे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला आहे.

दर गुरुवारी दुपारी दोन ते चार मी या सभागृहाच्या मागच्या खोलीत मंडळाचे हिशेब लिहीत बसते. ज्यांना आपला उतारा कोणाबरोबर तरी पाहावासा वाटतो त्यांनी यावे. दार लावून घेऊ. चहा मी करीन, पेन्सिल तेवढी आपली आणा.