पहिली ऑर्डर आणि पहिला भामटा

क्रोशाची तोरणं, गोधड्या, मण्यांच्या मुंडावळ्या घरी करून मोबाइलवर दुकान मांडणाऱ्या बहिणी मला भेटतात. सगळ्यांचा प्रश्न एकच : "ताई, दुकान उघडून महिना झाला, पहिली ऑर्डर का येत नाही?"

पहिली ऑर्डर बहुधा ओळखीतून येते. भिशीतल्या मैत्रिणी, सोसायटीतले शेजारी, नणंदेचं ऑफिस, दुकानाची लिंक आधी तिथे पाठवा. लाजू नका. फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. तोरण किती फुटी दाराला बसेल, ते लिहा. किमतीत सुताबरोबर तुमची मजुरीही धरा. कुरिअरवाले घनफळी वजन लावतात, म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले साधारण ५०००. तेव्हा खोकं आटोपशीर घ्या. आणि जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांनाही १ ऑक्टोबर २०२३ पासून नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन बाजारपेठांवर राज्यातल्या राज्यात माल विकता येतो. झालं.

आता कढईखालचा गॅस जरा बारीक करा आणि नीट ऐका. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

ओळखीच्यांच्या आधीच कधीकधी एक अनोळखी मेसेज येतो. "मॅडमजी, पचास पीस चाहिए." गडी स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. रंग विचारत नाही, माप विचारत नाही, किमतीची घासाघीस तर नाहीच. मग एक क्यूआर कोड येतो : "हा स्कॅन करा, पिन टाका, अ‍ॅडव्हान्स तुमच्या खात्यात जमा होईल." पहिल्या ऑर्डरच्या आनंदात आपण पिन टाकतो आणि खात्यात यायच्या ऐवजी असलेले पैसे जातात. कारण यूपीआयमध्ये समोरच्याचा कोड स्कॅन करून पिन टाकणं म्हणजे पैसे देणं. पैसे येताना काहीही स्कॅन करावं लागत नाही, पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही.

दुसरी तऱ्हा. भामटा पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि म्हणतो, "चुकून एक शून्य जास्त पडलं, वरचे परत करा." तो स्क्रीनशॉट बनावट असतो. त्याच्या चित्रावर किंवा त्यानेच पाठवलेल्या एसएमएसवर जाऊ नका. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पाहा. रक्कम तिथे दिसली, तरच पार्सल बांधायचं.

अहो, मंडईत कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून घेणाऱ्या बायका तुम्ही! मग फोनवर कुणी 'मॅडमजी' म्हटलं की विरघळता कशा? रागावले म्हणून वाईट वाटून घेऊ नका. सहा-सहा महिने सुया चालवून साठवलेले पैसे एका मिनिटात गेलेले पाहिले, की जीव तुटतो.

खरं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, तेही सांगते. ते पिडतं. "पिवळ्यात आहे का? धुतल्यावर रंग जाईल का? दोन घेतली तर किती कमी कराल?" अशा बाईला कंटाळू नका, तीच विकत घेणार आहे. काहीच न विचारता पन्नास नग मागणाऱ्यापासून मात्र चार हात लांब राहा.

आणि एवढं करूनही फसलात, तर "घरचे काय म्हणतील" म्हणून गप्प बसू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. हा नंबर आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा : एक, नऊ, तीन, शून्य. आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरात लिहा, पैसे घ्यायला पिन लागत नाही.